आतड्याच्या गुंतागुंतीच्या आजारासाठी सर्जन शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला वारंवार सूज आणि व्रण आणणारे, वर्षानुवर्षं चालणारे आजार) असलेल्या रुग्णाला ‘आता ऑपरेशनचं बघायला हवं’ असं सांगितलं की घरात फोनाफोनी सुरू होते. मामांच्या ओळखीतले सर्जन, शेजारच्या काकांचं पित्ताशय ज्यांनी काढलं ते डॉक्टर, तालुक्यातलं नवं हॉस्पिटल, अशी नावं पुढे येतात. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे. त्याच्या निमित्ताने मला या गोष्टी कळत गेल्या आणि आता इतर घरांतले लोक मला विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन करायचं की नाही हा तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा निर्णय. ते कोणाच्या हातून करून घ्यावं, हे ठरवताना याचा उपयोग व्हावा.

आमचे जनरल सर्जन वीस वर्षांचे अनुभवी आहेत. त्यांच्याकडेच करून घेतलं तर?

अनुभव आहे, पण कशाचा, हे विचारा. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय ही जनरल सर्जनची रोजची कामं, आणि ती ते उत्तम करतात. क्रोन्सचं पोट उघडल्यावर चित्र वेगळं असतं. आतडं सुजून जाड झालेलं, शेजारच्या आतड्याला किंवा मूत्राशयाला चिकटलेलं, मध्येच पुवाची गाठ. वर रुग्ण कित्येक महिने स्टिरॉइडवर, वजन घटलेलं, हिमोग्लोबिन खाली. अशा वेळी कुठे कापायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे कळणं जास्त मोलाचं.

कारण काढलेलं आतडं परत येत नाही आणि क्रोन्स मात्र परत येऊ शकतो. पहिल्याच ऑपरेशनला सढळ हाताने आतडं काढलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काढायला काही उरत नाही. लहान आतडं साधारण २०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरलं तर खाल्लेलं अन्न आणि पाणी अंगी लागणं अवघड होतं. काहींना मग शिरेतून पोषण द्यावं लागतं. म्हणून पहिलं ऑपरेशन कोणाकडे होतं याला इतकं महत्त्व आहे. तुमचे जनरल सर्जन खरोखर चांगले असतील तर ‘हे माझं काम नाही, अमुक ठिकाणी जा’ असं तेच सांगतील. त्यांचं ऐका.

पाटीवरच्या पदव्या कशा वाचायच्या?

एम.एस. किंवा डी.एन.बी. म्हणजे जनरल सर्जन. त्यानंतर पोटाच्या आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण घेतलेल्यांच्या नावापुढे एम.सीएच. किंवा डीआर.एन.बी. आणि सर्जिकल गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी असं लिहिलेलं असतं. डी.एम. गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी म्हणजे पोटाचे फिजिशियन. ते कोलोनोस्कोपी करतात, औषधं देतात, ऑपरेशन करत नाहीत. हा गोंधळ फार घरांत होतो. काही सर्जन पुढे मोठं आतडं आणि गुदाशय एवढ्यावरच काम करतात, त्यांना कोलोरेक्टल सर्जन म्हणतात.

फेलोशिपच्या अक्षरांवर मात्र डोळे झाकून जाऊ नका. काही फेलोशिप वर्ष-दोन वर्षं एखाद्या मोठ्या विभागात राबून मिळतात, तर काही थोड्या दिवसांच्या कोर्सनंतर. ‘फेलोशिप कुठे केली आणि किती काळाची होती?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी असणं ही किमान पायरी. तेवढ्यावरून कौशल्य कळत नाही.

निदान पक्कं नसताना सर्जन शोधायचा का?

आधी निदान. आपल्याकडे हा मुद्दा परदेशापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स एकमेकांसारखे दिसतात. दोन्ही बहुतेक लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, मोठ्या आतड्याला जिथे ते जोडलं जातं तिथे बसतात. दोन्हींत पोट दुखतं, वजन घटतं, आतडं अरुंद होतं. बायोप्सीतही कित्येकदा फरक कळत नाही. मग डॉक्टर आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून बघतात. त्यात चूक नाही. पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून आतले व्रण भरले का, हे पाहायला हवं. नुसतं ‘थोडं बरं वाटतंय’ यावर सहा महिने काढले आणि आजार मुळात क्रोन्स असला, तर तेवढ्या काळात आतडं आणखी आक्रसतं. उलट टीबी असलेल्या रुग्णाला बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारी, इंजेक्शनं दिली गेली तर टीबी अंगभर पसरू शकतो.

चांगला सर्जन पहिल्या भेटीत निदानाबद्दल विचारतो. बायोप्सी कोणी वाचली, टीबीसाठी जीनएक्सपर्ट झाली का, एकेटी घेतली असेल तर काय फरक पडला. यातलं काहीच न विचारता ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे मी माझ्या माणसाला नेणार नाही.

सर्जनकडे जायची योग्य वेळ कोणती? सगळी औषधं संपल्यावर?

ऑपरेशन म्हणजे शेवटचा उपाय, हे आपल्या मनात घट्ट बसलं आहे. ते नेहमी खरं नसतं. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या लिरिक नावाच्या चाचणीत ज्यांचा क्रोन्स लहान आतड्याच्या शेवटच्या, ४० सेंटिमीटरपेक्षा कमी भागात होता आणि नेहमीच्या औषधांनी आटोक्यात येत नव्हता, अशा रुग्णांत दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन आणि इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक औषध यांची तुलना झाली. २०१७ साली आलेल्या निकालात वर्षानंतर दोन्ही गटांतल्या लोकांचं आयुष्य जवळपास सारखंच बरं होतं. म्हणजे काहींच्या बाबतीत लवकर केलेलं छोटं ऑपरेशन हा बरोबरीचा पर्याय आहे. तेव्हा पोटाच्या फिजिशियनना आजच विचारा, ‘सर्जनना एकदा दाखवून ठेवू का?’ दाखवलं म्हणजे कापलं असं होत नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जोराचा झटका येऊन रुग्ण दाखल झाला असेल तर मात्र वाट बघू नका. शिरेतून स्टिरॉइड सुरू केल्यावर साधारण तिसऱ्या दिवशी डॉक्टर हिशेब मांडतात. फरक नसेल तर दुसरं औषध किंवा ऑपरेशन. त्या दिवशी नवा सर्जन शोधत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी ‘सर्जननी पाहिलंय का?’ हे नातेवाइकांनी विचारावं. उशीर झाला, आतडं फुटलं, तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

सर्जनला नेमकं काय विचारावं? आम्हाला समोर गेल्यावर सुचत नाही.

वहीत लिहून न्या. मला स्वतःला पुढचे प्रश्न फार कामी आले. ‘तुम्ही हेच ऑपरेशन वर्षाला साधारण किती करता?’ ‘किती करता’ आणि ‘हेच’ या दोन्हींवर भर. ‘किती आतडं काढाल आणि किती उरेल?’ ‘काढण्याऐवजी आतडं रुंद करून भागेल का?’ हे शेवटचं विचाराच. अरुंद भागावर उभा छेद देऊन तो आडवा शिवतात, त्याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात आणि त्यात आतडं वाचतं. ही पद्धत भारतीय सर्जन आर. एन. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या टीबीसाठी १९७७ साली मांडली. क्रोन्ससाठी ती इंग्लंडमध्ये नंतर वापरात आली.

पुढे विचारा: कापलेली टोकं शिवून केलेला आतड्याचा जोड सुटण्याचा, म्हणजे लीक होण्याचा, धोका माझ्या बाबतीत किती? मल गोळा करायला पोटावर पिशवी लागण्याची शक्यता किती, आणि लागली तर तात्पुरती की कायमची? प्रत्यक्ष ऑपरेशन तुम्ही करणार की तुमचे सहायक? रात्री दोन वाजता ताप चढला तर कोण बघेल? हॉस्पिटलमध्ये चोवीस तास आयसीयू, सीटी स्कॅन, रक्तपेढी आहे का? पू साचला तर सुईने नळी घालून तो काढणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का?

उत्तर काय आलं याइतकंच ते कसं आलं याकडे लक्ष द्या. ‘माझ्याकडे कधीच काही होत नाही’ असं म्हणणारा सर्जन एकतर अशी ऑपरेशनं फार करत नाही, किंवा सांगत नाही. नियमित करणाऱ्याच्या हातूनही कधीतरी जोड सुटतो. सुटल्यावर काय करतो, हे तो शांतपणे सांगू शकतो.

भावाच्या दुसऱ्या मताच्या वेळी सर्जननी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला आणि स्कॅनची सीडी स्वतः संगणकात घालून चित्रं वर-खाली करत बराच वेळ पाहिली. मग केसपेपरच्या मागे पेन्सिलने आतडं काढलं, अरुंद जागांवर फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीशेजारी सेंटिमीटर लिहिले. शेवटी म्हणाले, ‘ऑपरेशन लागेल. पण आज नाही. आधी वजन वाढवा, स्टिरॉइड उतरवू, मग या.’ आम्ही तारीख घ्यायला गेलो होतो आणि आहाराचा तक्ता घेऊन परतलो. सर्जन कोण निवडायचा ते तिथेच ठरलं.

ऑपरेशन पुढे ढकलणारा सर्जन म्हणजे घाबरणारा सर्जन नाही का?

नाही. सहा आठवड्यांहून जास्त काळ रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन चालू असेल, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी असेल, तर जोड सुटण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हे सुधारायला काही आठवडे द्यावे लागतात. त्या काळात पातळ पोषक आहार, लोहाची इंजेक्शनं, पू असल्यास तो काढणं, ही सगळी ऑपरेशनचीच तयारी. बिडी-सिगारेट आजच बंद. धूम्रपानाने क्रोन्स ऑपरेशननंतर लवकर उलटतो.

गुदद्वाराजवळ भगंदर आहे. ‘विना ऑपरेशन लेझर’ अशी जाहिरात पाहिली. जाऊ का?

साधं भगंदर आणि क्रोन्समधलं भगंदर यांना एकाच पाटीखाली घेऊन जाऊ नका. भगंदर म्हणजे आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली नळीसारखी वाट. क्रोन्समध्ये या नळ्या अनेक, फांद्या फुटलेल्या असतात आणि त्या मलविसर्जनावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंतून जातात. दर वेळी थोडा थोडा स्नायू कापला गेला, तर शेवटी संडासवरचा ताबा जातो. तो परत मिळवणं फार कठीण. मला येणाऱ्या फोनमधले सर्वांत दुःखाचे फोन हेच असतात. तिशीतला माणूस, तीन-चार ठिकाणी भगंदराची ऑपरेशनं झालेली, आणि पोटात क्रोन्स आहे हे कोणी तपासलेलंच नाही.

भगंदर पुन्हा पुन्हा होत असेल, सोबत जुलाब, वजन घटणं, पोटदुखी असेल, तर आधी कोलोनोस्कोपी आणि ओटीपोटाचा एमआरआय. क्रोन्स निघाला तर बहुतेक वेळा आधी पू काढून नळीत सैल सेटॉन, म्हणजे एक मऊ दोरा, ठेवतात आणि बायोलॉजिक औषध सुरू करतात. क्षारसूत्राबद्दलही, म्हणजे आयुर्वेदातल्या औषध लावलेल्या दोऱ्याबद्दलही, विचारणा होते. साध्या भगंदरात त्याचा उपयोग होतो. पण क्षारसूत्र हळूहळू स्नायू कापत जातं. क्रोन्स आहे की नाही हे कळल्याशिवाय ते बांधून घेऊ नका.

पाउच म्हणजे काय, आणि त्यासाठी सर्जन वेगळा लागतो का?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठं आतडं आणि गुदाशय काढल्यावर लहान आतड्याच्या टोकाची थैली करून ती गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. हो, यासाठी सर्जन नीट निवडा. पाउच नेहमी करणाऱ्या केंद्रांत ते बिघडण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांत दिसलं आहे. आजारी, स्टिरॉइडवर असलेल्या रुग्णाला पाउच एका दमात करत नाहीत. आधी मोठं आतडं काढून पोटावर पिशवी, तब्येत सुधारल्यावर पाउच, मग पिशवी बंद. तीन टप्पे ऐकून धीर सोडू नका, त्यातच सुरक्षितता आहे. क्रोन्समध्ये पाउच सहसा टाळतात, म्हणून आधीचं निदान पुन्हा महत्त्वाचं.

मुलगी लग्नाची आहे. हे सगळं कसं विचारायचं?

मोकळेपणाने, आणि शक्यतो मुलीला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीला बोलू द्या. पाउचच्या ऑपरेशननंतर स्त्रियांना गर्भ राहायला अडचण येऊ शकते, कारण ओटीपोटात चिकटणं होतं. दुर्बिणीने केल्यास ते कमी होतं असं दिसतं. काही जणी मोठं आतडं काढून घेतात आणि पाउच मूल झाल्यावर करतात. पुरुषांच्या बाबतीत ओटीपोटातल्या नसांना धक्का लागून लैंगिक अडचण येऊ शकते. सर्जननी हे स्वतःहून काढलं नाही तर तुम्ही काढा.

पिशवीची भीती वाटते.

वाटणारच. ती कमी करणारी गोष्ट म्हणजे ऑपरेशनच्या आधी स्टोमा नर्सची, म्हणजे पिशवीची जागा ठरवणाऱ्या आणि ती सांभाळायला शिकवणाऱ्या नर्सची, भेट. एका काकूंच्या वेळी मी सोबत होते. नर्सने त्यांना उभं केलं, खुर्चीत बसवलं, मांडी घालायला लावली, वाकायला लावलं. परकराची नाडी रोज कुठे बांधता ते दाखवायला सांगितलं आणि तिचा वळ होता त्याच्या खाली, पोटाची घडी पडत नाही अशा जागी, काकूंना स्वतःला वाकून दिसेल असा मार्करने ठिपका केला. मग म्हणाली, ‘आता साडी नेसून बघा.’ ठिपका नाडीवर आला असता तर पिशवी रोज सुटली असती. जिथे अशी खूण न करता थेट टेबलवर घेतात, तिथे हा प्रश्न जरूर उपस्थित करा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाचे स्वयंसेवकही पिशवीसह जगणाऱ्यांशी गाठ घालून देतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठे सुरुवात करावी?

मी सर्जनची नावं सांगत नाही, कारण एकाच्या आजाराला योग्य तो दुसऱ्याच्या आजाराला असेलच असं नाही. सुरुवात विभागापासून करा. जिथे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी आणि सर्जिकल गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी हे दोन्ही विभाग एकाच छपराखाली आहेत आणि दोघे मिळून रुग्ण बघतात, ते ठिकाण आधी. मुंबईत परळच्या केईएममध्ये असे विभाग आहेत, पैशांची अडचण असणाऱ्यांनी ते नक्की लक्षात ठेवावं. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात विचारावं. राज्याबाहेर वेल्लोरचं सीएमसी, दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, लखनौचं एसजीपीजीआय ही जुनी, मोठी केंद्रं. गुदाशयाचा कॅन्सर असेल तर ऑपरेशनआधी ओटीपोटाचा एमआरआय आणि ट्यूमर बोर्डाची, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र, चर्चा झाली का हे पाहा, आणि शंका असल्यास टाटा मेमोरियलचं मत घ्या.

आणखी एक सोपी वाट आहे. तुमच्या गॅस्ट्रो फिजिशियनना विचारा, ‘तुमच्या घरच्या माणसाला हे असतं तर कोणाकडे पाठवलं असतं?’ या प्रश्नाला सहसा खरं उत्तर मिळतं. इंटरनेटवरच्या रेटिंगचे तारे वाट बघण्याच्या वेळेबद्दल आणि रिसेप्शनबद्दल बरंच सांगतात, आतड्याच्या जोडाबद्दल काही नाही.

दुसरं मत घेतलं तर आमच्या डॉक्टरांना राग येईल का?

समजूतदार डॉक्टरांना येत नाही. आला, तर तोही तुमच्या निर्णयात धरा. फाईलमध्ये तारखेनुसार लावलेले डिस्चार्ज कार्ड, कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो, सीटी किंवा एमआर एन्टेरोग्राफीची (लहान आतड्याच्या स्कॅनची) सीडी, बायोप्सीचे रिपोर्ट आणि शक्य असेल तर बायोप्सीच्या तुकड्यांचे स्लाइड-ब्लॉकही असू द्या. कुठलं औषध कधी सुरू, कधी बंद, का बंद, याचा एक कागद. आधीचं ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट्स मागा, डिस्चार्ज कार्डावर त्या पूर्ण नसतात. अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे.

खर्च कसा पेलायचा?

तीन टप्प्यांचं ऑपरेशन म्हणजे तीन बिलं. विमा असेल तर पुढचा टप्पा नूतनीकरणानंतर येतो का, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, हे आधीच बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का हे योजनेतल्या हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र सांगतात. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलिंगच्या खिडकीऐवजी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन, आणि दाखल होण्याआधी भेटा.

रोबोट असलेलं हॉस्पिटल चांगलं का?

अरुंद ओटीपोटात रोबोटची मदत होते. पण तो सर्जनच्याच हातांनी चालतो. आधी सर्जन, मग यंत्र.

अचानक आतडं अडकलं तर शोधायला वेळ कुठे?

पोट फुगलं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, ताप आहे, तर जवळच्या, सीटी आणि आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात लगेच जा. तिथल्या सर्जनना आजाराचं नाव सांगा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोन जोडून द्या. जीव वाचवण्यापुरतं, पोटावर पिशवी लावून थांबणारं ऑपरेशन करून पुढचं मोठ्या केंद्रात करता येतं. ते कमीपणाचं नाही.

ऑपरेशन झालं, आता सर्जनचा संबंध संपला?

क्रोन्समध्ये नाही. साधारण सहा महिन्यांनी ते वर्षाच्या आत कोलोनोस्कोपी करून जोडाजवळ आजार परत येतोय का ते पाहतात, त्रास होत नसला तरी. शेवटचं लहान आतडं काढलं असेल तर बी-१२ तपासत राहावं लागतं, कित्येकांना इंजेक्शनं लागतात. घरी जाताना ऑपरेशन नोट्सची प्रत घ्या आणि त्यात ‘उरलेलं लहान आतडं अमुक सेंटिमीटर’ असं लिहिलेलं आहे का ते तिथल्या तिथे वाचून बघा. नसेल तर लिहून मागा. पुढे कधी पुन्हा ऑपरेशन लागलं तर नवा सर्जन सर्वांत आधी तेच विचारतो.